अठरा मिनिटं आणि नंतरचे सहा दिवस : हृदय थांबल्यावर एका मेंदूचं काय झालं

हे प्रकरण आमच्या आयसीयूतलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा, तपासण्यांचे आकडे आणि आमच्या चुका मात्र झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे, गणिताचे शिक्षक. रक्तदाबाची एक गोळी चालू होती. दोन दिवस छातीत जळजळत होतं, ते पित्त समजून त्यांनी अंगावर काढलं. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तासाची बेल झाली. हजेरीपट आणि खडू उचलून ते उठले आणि शिक्षकांच्या खोलीतच कोसळले. बेलमुळे कोसळण्याची वेळ मिनिटापर्यंत कळली. असं क्वचितच होतं, आणि पुढे आम्हाला त्याचा फार उपयोग झाला.

भोवतालच्या सहकाऱ्यांना दिसलं ते असं : तोंड उघडं, मधूनच घोरल्यासारखा मोठा आवाज, त्याबरोबर छाती वर उचलली जायची, मग बराच वेळ काहीच नाही. "श्वास चालू आहे," असं कोणी तरी म्हणालं. कोणी कॉलर सैल केली, कोणी तोंडावर पाणी मारलं. ते श्वास नव्हतेच, आचके होते. हृदय थांबल्यावर ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, काही मिनिटं तग धरून राहतो आणि असे तुटक आचके देववतो. पाहणाऱ्याला तो जिवंतपणाचा पुरावा वाटतो. वैद्यकीय अर्थ उलटा आहे : छाती दाबायला आत्ता, या क्षणी सुरुवात करा.

११:२४ ला क्रीडाशिक्षक धावत आले. ते नाडी शोधत बसले नाहीत. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पाहून त्यांनी गुडघे टेकले आणि छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात केली. ११:३३ ला रुग्णवाहिका पोचली. मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरत होतं, रक्त ढकलत नव्हतं. तिसऱ्या शॉकनंतर ११:३८ ला नाडी लागली.

हिशेब सोपा होता : ४ मिनिटं रक्तप्रवाह शून्य, पुढची १४ मिनिटं अपुरा.

त्या अठरा मिनिटांत आत काय चाललं होतं

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. गाठीला मात्र काही बांधून ठेवत नाही. स्नायूंकडे ग्लायकोजेनचा साठा असतो, ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन असतं. मेंदूचं सगळं रोजच्या आवकीवर. म्हणून रक्तप्रवाह पूर्ण थांबला की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि सुमारे २० सेकंदांत ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीची, रेघ सपाट होते. तोवर पेशी मेलेल्या नसतात. त्यांनी काम थांबवलेलं असतं, एवढंच.

खरं नुकसान पुढच्या मिनिटांत सुरू होतं. मेंदूची बरीचशी ऊर्जा एकाच कामावर खर्च होते : पेशीत शिरणारं सोडियम बाहेर उपसणं आणि पोटॅशियम आत ठेवणं. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा-चलन, संपलं की हा उपसा बंद पडतो. सोडियम आत साचतं, त्यामागे पाणी येतं, पेशी सुजते. विद्युत तोल गेलेल्या पेशी ग्लुटामेट हा संदेशवाहक एकदम ओतून टाकतात. एरवी ग्लुटामेट थेंबाथेंबाने वापरलं जातं; आता त्याचा पूर येतो, शेजारच्या पेशींची कॅल्शियमची दारं उघडली जातात, आणि आत घुसलेलं कॅल्शियम पेशीचीच प्रथिनं आणि आवरणं फाडणारी एन्झाइम्स जागी करतं. एक पेशी बुडताना शेजारणीला ओढते, ती अशी.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण नातेवाईक (आणि कधीकधी आमचे विद्यार्थीही) तो हमखास विसरतात. ऑक्सिजन कमी पडणं आणि रक्तच न पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तात ऑक्सिजन कमी असला, पण हृदय चालू असलं, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रवाह वाढतो, ग्लुकोज येत राहतं, तयार झालेलं आम्ल वाहून जातं. म्हणूनच उंच पर्वतावरचा गिर्यारोहक फार कमी ऑक्सिजनवरही चालत राहतो. रक्तप्रवाह थांबला की मात्र ऑक्सिजन, इंधन आणि निचरा तिन्ही एकदम बंद. त्यामुळे ऑक्सिमीटरवर काही वेळ ७० दिसणं आणि हृदय तेवढाच वेळ बंद असणं, यांना एका पारड्यात टाकता येत नाही.

प्रवाहाच्या पायऱ्याही आहेत. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त फिरतं. २० च्या खाली गेलं की पेशी मुक्या होतात. १० च्या आसपास उपसाच बंद पडतो आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. या दोन पायऱ्यांमधल्या पेशी काम करत नाहीत, पण वाचवता येतात. उत्तम सीपीआर (छाती दाबून रक्त फिरवणं) दिला तरी हृदय एरवी ढकलतं त्याच्या पाव ते एकतृतीयांश इतकंच रक्त फिरतं. वाचताना हे तोकडं वाटेल, पण तेवढ्याने मोठा भाग त्या मधल्या पायरीवर टिकून राहू शकतो. क्रीडाशिक्षकांचे ९ मिनिटं थकलेले हात नेमकं हेच करत होते.

सगळ्या पेशी एकदम जात नाहीत. सर्वांत हळव्या असतात स्मृती रुजवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या, त्यातही सीए-१ पट्ट्यातल्या; मग लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी, मेंदूच्या बाह्य आवरणाचे ठरावीक थर, आणि खोलवरची बेसल गँग्लिया. देठ त्या मानाने चिवट. म्हणून माणूस स्वतः श्वास घेतो, डोळे उघडतो, पण शुद्धीवर येत नाही, अशी अवस्था उद्भवते. आणखी एक गोष्ट : प्राण्यांवरच्या प्रयोगांत सीए-१ च्या पेशी रक्तप्रवाह परतल्यावर सुरुवातीला ठीक दिसतात आणि दोन-तीन दिवसांनी मरतात. नाडी लागली म्हणजे नुकसान थांबलं, असं नसतं. परतलेला ऑक्सिजनसुद्धा पेशीतल्या जखमी ऊर्जाघरांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, घातक मुक्त मूलकं तयार करतो, आणि पुढे कित्येक तास मेंदूचा प्रवाह नेहमीपेक्षा कमीच राहू शकतो.

रुग्णालयातले पहिले तास

रुग्ण आले तेव्हा वेदनेलाही प्रतिसाद नव्हता. बाहुल्या उजेडाला मंद आकुंचन पावत होत्या. ईसीजीवर हृदयाच्या पुढच्या भित्तीचा झटका स्पष्ट होता. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. अँजिओग्राफीत हृदयाची डावी पुढची धमनी बंद सापडली. ती उघडून स्टेंट बसवला. इथवर सगळं चोख झालं.

धावपळीत एक गोष्ट मात्र निसटली. वाटेत आणि कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) पिशवीने श्वास देणारे हात घाईत होते, आणि ऑक्सिजन १०० टक्क्यांवरच राहिला. आयसीयूतल्या पहिल्या तपासणीत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ३१२ मिमी इतका होता, म्हणजे गरजेच्या कितीतरी वर, आणि कार्बन डायऑक्साइड २९, म्हणजे ३५ ते ४५ या पट्ट्याच्या खाली. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात; निरोगी माणसात दर १ मिमीला सुमारे ३ टक्के प्रवाह घटतो. आधीच उपाशी असलेल्या मेंदूचा नळ आम्ही आणखी आवळत होतो. जवळजवळ दोन तासांनी ते दुरुस्त झालं : श्वासांचा वेग कमी केला, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ ते ९८ मध्ये आणलं, सरासरी रक्तदाब नॉरअॅड्रेनॅलिन या दाब वाढवणाऱ्या औषधाने ६५ च्या वर धरला.

पहिला पेच : थंड करायचं का?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनंतर अशा रुग्णांना ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत रूढ झाली. २०१३ च्या मोठ्या चाचणीत ३३ आणि ३६ अंश यांत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांवरच्या चाचणीत ३३ अंशांपर्यंत थंड करणं आणि फक्त ताप येऊ न देणं यांचीही तुलना झाली, आणि सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आमच्यात मतभेद होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना थंड करण्याची सवय होती आणि त्यांचे काही रुग्ण उत्तम बरे झाले होते. माझं म्हणणं होतं की या रुग्णाचा रक्तदाब आधीच औषधावर टेकलेला आहे, खोल थंडावा दिला तर हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारी वाढतील. ठरलं ते असं : ३३ नको, पण तापमान ३७.७ च्या वर तीन दिवस जाऊ द्यायचं नाही. पहिल्याच रात्री पारा ३८.१ वर गेला आणि थंड पाण्याची जॅकेटं लावावी लागली. ताप न येऊ देणं म्हणजे काही न करणं नव्हे, हे त्या रात्री ड्यूटीवरच्या नर्सने सगळ्यांना दाखवून दिलं. ती दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत होती आणि थरथर दिसली की हाक मारत होती.

दुसरा पेच : झटके, आणि घाईत बोललेलं एक वाक्य

चौदाव्या तासाला चेहरा, खांदे आणि पोट यांना झटके येऊ लागले. वीज लागल्यासारखे, एकामागून एक; प्रत्येक झटक्याला व्हेंटिलेटरचा अलार्म वाजायचा. हे मायोक्लोनस. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या दिवसातला मायोक्लोनस अशुभ, असं आम्ही सगळेच शिकलो आहोत. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने बाहेर येऊन पत्नीला सांगितलं, "मेंदू जवळपास गेलेला आहे, तयारी ठेवा."

सकाळी त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचा मेंदू गेला म्हणतात. मग आत एवढं हलतंय ते काय?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि ते तसंच सांगितलं. त्यांचे दीर शेजारी उभे होते. "वहिनी, त्यांना उगाच यातना नकोत," एवढंच ते म्हणाले. म्हणजे चक्र सुरू झालं होतं. नातेवाईक आता उपचार थांबवण्याबद्दल विचारणार, आणि आम्ही हो म्हटलं तर रुग्ण जाणार. मग आमचं भाकीत खरं ठरल्यासारखं दिसणार. स्वतःलाच खरं करणारं असं भाकीत हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा धोका आहे, असं मला मनापासून वाटतं.

पर्याय

पहिला पर्याय : झटक्यांवर विसंबून आशा नाही असं सांगायचं. दुसरा : ७२ तास होईपर्यंत थांबायचं आणि तेव्हा तपासून निर्णय द्यायचा. तिसरा : ७२ तासांनंतरही तपासणी विश्वासार्ह नसेल, तर आणखी थांबायचं, आणि मधल्या काळात एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तपासण्या करायच्या.

पहिला पर्याय ईईजीने बाद केला. झटके चालू असतानाच ईईजी लावला. पार्श्वभूमीची लय मंद होती, पण अखंड होती, आणि झटक्यांसोबत डोक्याच्या मध्यरेषेवर टोकदार लहरी उमटत होत्या. ज्यांचा ईईजी सपाट पट्टा आणि मधूनच उसळी असा दिसतो, त्यांचं भवितव्य फार वाईट असतं. हा तो नमुना नव्हता. शिवाय झटके येत-जात होते. सलग अर्ध्या तासाहून अधिक टिकणारे नव्हते. बाहेरून सारखेच दिसणारे झटके आतून वेगळे असू शकतात.

दुसऱ्या पर्यायाशी आम्ही जास्त झगडलो. ७२ तासांवर तपासलं तेव्हा वेदनेला हात ताठ होण्यापलीकडे काही नव्हतं. बाहुल्या ठीक, कॉर्नियाचा प्रतिक्षेप (बुबुळाला स्पर्श होताच पापणी मिटणं) एकाच बाजूला. कागदावर हे वाईट दिसतं. पण झटक्यांसाठी मिडॅझोलम हे गुंगीचं औषध सलग ४० तास चालू होतं, मूत्रपिंडं हृदय थांबल्यापासून सुस्तावलेली होती, आणि अशा वेळी ते औषध शरीरात साचतं. आम्ही मेंदू तपासत होतो की मिडॅझोलम? सांगता येत नव्हतं.

काय केलं

मिडॅझोलम बंद केलं. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅल्प्रोएट ठेवलं, कारण त्यांची गुंगी कमी. सोमॅटोसेन्सरी तपासणीत मनगटावर दिलेल्या विद्युत स्पर्शाचा एन-२० हा संकेत मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचत होता. तो दोन्हीकडे नसता तर आशा जवळजवळ संपली असती. असल्याने सगळं ठीक होईल असंही नसतं. एनएसई हे पेशी फुटल्यावर रक्तात येणारं द्रव्य ४८ तासांना ४१ आणि ७२ तासांना ३६ होतं. ६० च्या वरचा आकडा गंभीर मानतात, आणि इथे उतार होता. चौथ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पसवर आणि मागच्या बाह्य आवरणावर ठिपक्याठिपक्यांनी इजा दिसली, सर्वदूर नव्हती.

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाईट भाकितासाठी किमान दोन ठोस प्रतिकूल खुणा लागतात. आमच्याकडे एकही नव्हती. मग उत्तर एकच : अनिश्चित, थांबा, पुन्हा तपासा.

हे कुटुंबाला सांगणं सर्वांत अवघड गेलं. मी बसून बोललो, आणि त्या रात्रीचं वाक्य चुकीचं होतं हे आधी कबूल केलं. "बरे होतील असं म्हणत नाही. होणार नाहीत असं म्हणायलाही माझ्याकडे आधार नाही. रविवारी पुन्हा पूर्ण तपासू," असं सांगितलं. तारीख दिल्याचा उपयोग झाला. दीरांनी वहीत लिहून घेतली आणि रविवारपर्यंत उपचार थांबवण्याचा विषय कोणी काढला नाही.

परिणाम

सहाव्या दिवशी सकाळी पत्नीच्या आवाजाकडे त्यांनी डोळे वळवले. आठव्या दिवशी सांगितल्यावर बोटं हलवली; नळी काढली. अकराव्या दिवशी पाण्याचा पेला उचलायला गेले आणि हात असा उसळला की पाणी थेट चेहऱ्यावर. हात मांडीवर असला की शांत, काही धरायला गेलं की झटका. १९६३ मध्ये जेम्स लान्स आणि रेमंड अॅडम्स यांनी वर्णन केलेला, ऑक्सिजनअभावानंतरचा हालचालीसोबत येणारा मायोक्लोनस तो हाच. पहिल्या दिवसाचे झटके बहुधा त्याचीच सुरुवात होते. क्लोनाझेपाम जोडलं, दोन महिन्यांत ते दोन हातांनी पेला धरून पिऊ लागले.

पंचविसाव्या दिवशी चालत, बोलत, विनोद करत घरी गेले. नोंदीत आम्ही लिहिलं : उत्तम सुधारणा.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चार मिनिटं. शाळेत कोणाला आचके ओळखता आले असते, किंवा मदतीसाठीच्या फोनवर पलीकडून "श्वास नियमित आहे का?" असं विचारलं गेलं असतं, तर ती वाचली असती. शाळेत डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, नव्हता. शॉक लागेपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता, सीपीआर चालू नसेल तर, साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

कार्बन डायऑक्साइडचे ते दोन तास आमचे. आता कॅथलॅबमध्ये टेबलावर घेतानाच रक्तवायूंची तपासणी होते. मिडॅझोलमऐवजी लवकर उतरणारं औषध निवडायला हवं होतं. त्याने दोन दिवसांचा धुरळा आमच्याच डोळ्यांत उडवला. रात्रीच्या वाक्याबद्दल निवासी डॉक्टरला बोल लावणं सोपं आहे, पण पहिल्या ७२ तासांत काय बोलायचं आणि काय नाही, हे त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त मला टोचते ती शेवटची चूक. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पसवर डाग आम्ही पाहिले होते. चालणं-बोलणं परत आल्याच्या आनंदात स्मृतीची नीट तपासणी न करता आम्ही त्यांना घरी पाठवलं. जुनं सगळं त्यांना आठवत होतं, पाढे, प्रमेयं, पंचवीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी. नवं मात्र रुजत नव्हतं. तीन महिन्यांनी ते वर्गावर गेले. समीकरणं शिकवली, फळा पुसला, आणि तोच तास पहिल्यापासून पुन्हा शिकवायला घेतला. मुलं गप्प बसून राहिली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आपली वही उघडून त्यांच्यासमोर धरली. आजची तारीख, आणि खाली त्यांनीच सांगितलेली सगळी गणितं.

ते त्या दिवशी घरी आले ते पुन्हा शाळेत गेले नाहीत. स्मृतीचं पुनर्वसन त्यानंतर सुरू झालं. ते आता खिशात छोटी वही ठेवतात, केलेल्या कामावर वेळेसह बरोबरची खूण करतात, आणि घरीच दोन-तीन मुलांना शिकवतात. आमच्याकडे हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या प्रत्येक रुग्णाची स्मृतितपासणी आता घरी पाठवण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा होते, आणि कामावर कधी जायचं ते दुसऱ्या तपासणीनंतर ठरतं.